घरातील ज्येष्ठांची काळजी कोण घेणार? जगातील देशांचे नियोजन आणि त्याचा तुमच्या घराशी संबंध

आईचे खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया चांगली होते, जखम भरत येते आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, "उद्या घरी न्यायला हरकत नाही." खरे तर हे ऐकून बरे वाटायला हवे. पण नातेवाइकांच्या चेहऱ्यावर धास्ती दिसते. घरी भारतीय पद्धतीचा संडास, मुलगा आणि सून दोघेही नोकरीवर, नातवाची दहावी. मग कोणीतरी हळूच विचारते, "डॉक्टर, अजून आठ दिवस इथेच ठेवता येईल का?" ठेवण्याचे वैद्यकीय कारण काहीच नसते. घरी बघायला माणूस नसतो, एवढेच कारण असते.

हा प्रश्न विचारताना अनेकांना अपराधी वाटते. तसे वाटून घेऊ नका. पन्नास वर्षांपूर्वी हाच प्रश्न जपानमध्ये लाखो घरांत उभा राहिला होता आणि त्यातून त्या देशाला एक महत्त्वाची गोष्ट उमगली: आजारावर उपचार मिळणे आणि रोजची काळजी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची सोय केली म्हणजे दुसरीची आपोआप होत नाही. वृद्धांसाठी जगभर आखलेल्या धोरणांकडे या एका दृष्टीने पाहिले, तर आपल्या घरात नेमकी कशाची तजवीज राहून गेली आहे तेही कळते.

लोकसंख्या वृद्ध होते म्हणजे काय?

माणसे जास्त जगतात आणि मुले कमी जन्माला येतात. या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या की लोकसंख्येत वयस्करांचा वाटा वाढतो. भारतात साठ वर्षांवरील व्यक्तीला ज्येष्ठ नागरिक म्हणतात. अनेक श्रीमंत देशांत ही रेषा पासष्टवर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के आणि गोव्यात ११.२ टक्के होते. २०५० च्या सुमारास देशातील दर पाच माणसांमागे एक साठीपुढचा असेल, असा अंदाज आहे.

आकड्यापेक्षा वेग जास्त महत्त्वाचा आहे. साठीपुढच्यांचे प्रमाण १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर जायला फ्रान्सला जवळजवळ १५० वर्षे लागली. भारत, चीन, ब्राझील या देशांना त्यासाठी वीस वर्षांहून थोडाच अधिक काळ मिळणार आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात म्हटले होते. फ्रान्सच्या सहा पिढ्यांनी जे हळूहळू जमवले, ते आपल्याकडे एकाच पिढीला करायचे आहे. ती पिढी म्हणजे बहुधा हे वाचणारे तुम्ही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर काय ठरले?

संयुक्त राष्ट्रांनी वृद्धत्वावरची पहिली जागतिक परिषद १९८२ मध्ये व्हिएन्नाला घेतली. १९९१ मध्ये ज्येष्ठांसाठी स्वावलंबन, सहभाग, काळजी, आत्मविकास आणि प्रतिष्ठा ही तत्त्वे मान्य झाली. दुसरी परिषद २००२ मध्ये माद्रिदला झाली. तिथल्या कृती आराखड्याने एक मोठा बदल केला: वृद्ध माणूस म्हणजे पोसण्याचे ओझे नव्हे, तर विकासात त्याचा वाटा आहे, हे त्यात स्पष्टपणे आले. सध्या २०२१ ते २०३० हे 'निरामय वार्धक्याचे दशक' म्हणून पाळले जात आहे. त्यात चार कामे ठरली आहेत: वयावरून होणारा भेदभाव कमी करणे, गावे आणि शहरे ज्येष्ठांना वावरण्याजोगी करणे, सर्व तक्रारींचा एकत्रित विचार करणारी आरोग्यसेवा देणे आणि ज्यांना लागेल त्यांना दीर्घकालीन शुश्रूषा उपलब्ध करणे.

यातले कोणतेही ठराव सरकारांवर कायद्यासारखे बंधनकारक नाहीत. तरी ते निरर्थकही नाहीत. वावरण्याजोग्या शहरांचेच पाहा. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ३३ शहरांतील वृद्धांशी बोलून एक मार्गदर्शिका तयार केली. त्यांत आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर होती. लोकांनी सांगितलेल्या अडचणी अगदी साध्या होत्या: बसायला बाक नाही, रस्ता ओलांडायला वेळ पुरत नाही, स्वच्छ शौचालय नाही. महाराष्ट्रात २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण गुडघे दुखणाऱ्या आजींना तिकिटाआधी बसची पहिली पायरी चढायची असते.

'कोणता आजार आहे?' ऐवजी 'काय करता येते?'

२०१५ च्या त्याच अहवालातली एक कल्पना रुग्णांच्या थेट उपयोगाची आहे. त्यात म्हातारपणीचे आरोग्य आजारांच्या यादीवरून मोजलेले नाही. माणसाला जे करावेसे वाटते ते करता येते का, यावरून मोजले आहे. मधुमेह, रक्तदाब आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले एक आजोबा रोज देवळापर्यंत चालत जातात, हिशोब ठेवतात, नातवाला शाळेत सोडतात. दुसऱ्यांच्या फाइलीत एकही मोठा आजार नाही; पण त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून ते बोलणे टाळतात, जेवण कमी झाले आहे आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार लागतो. काळजी दुसऱ्या आजोबांची जास्त करायला हवी. नेहमीच्या तपासणीत मात्र तेच निसटतात.

म्हणून संघटनेने सहा क्षमतांची प्राथमिक चाचणी सुचवली. ती घरीही करून पाहता येते:

स्मरण: तीन साधे शब्द सांगा, उदाहरणार्थ फूल, दार, तांदूळ. मध्ये दुसरे काहीतरी विचारा (आज तारीख काय, आपण आत्ता कुठे आहोत) आणि मग ते तीन शब्द परत सांगायला सांगा.
हालचाल: हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसता येते का? १४ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर पुढची तपासणी हवी. ही चाचणी करताना शेजारी उभे राहा आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा.
पोषण: प्रयत्न न करता तीन महिन्यांत तीन किलोपेक्षा जास्त वजन कमी झाले आहे का? भूक मेली आहे का?
दृष्टी: दूरचे पाहण्यात, वाचण्यात किंवा माणसे ओळखण्यात अडचण येते का?
श्रवण: मागून हळू आवाजात बोललेले ऐकू येते का?
मन: गेल्या दोन आठवड्यांत सतत उदास वाटते का, कशातच रस उरलेला नाही असे होते का?

एखादे उत्तर बिघडले म्हणजे निदान झाले असे समजू नका. 'आता वय झालं' म्हणून सोडून द्यायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. कानातला मळ, नंबर बदललेला चष्मा, न बसणारी कवळी, गुंगी आणणारे एखादे औषध ही कारणे दुरुस्त होण्यासारखी असतात. क्षमता घसरू लागते तेव्हाच लक्ष दिले, तर पुढची अनेक वर्षे परावलंबन टळू शकते.

जपानने चूक कशी दुरुस्त केली?

१९७३ मध्ये जपानने सत्तरीपुढच्या लोकांचे उपचार जवळजवळ पूर्ण मोफत केले. हेतू उदात्त होता. परिणाम मात्र अनपेक्षित निघाला. घरी बघायला कोणी नसलेले वृद्ध रुग्णालयात दाखल होऊ लागले आणि तिथेच महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे राहू लागले. उपचार संपलेले असत, पण जायला जागा नसे. जपानी भाषेत अशा मुक्कामाला 'सामाजिक कारणाने दाखल होणे' अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला. रुग्णालयातली खाट सर्वांत महाग; शिवाय तिथे पडून राहिल्याने स्नायू आणखी क्षीण होत, अंथरुणाच्या जखमा होत आणि चालता येणारा माणूस झोपून राही. १९८३ पासून रुग्णांना पुन्हा थोडे पैसे भरावे लागले. तरी मूळ प्रश्न सुटला नाही, कारण तो उपचाराचा नव्हताच.

शेवटी १९९७ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा स्वतंत्र विमा सुरू झाला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. निम्मा खर्च हप्त्यांतून, निम्मा करांतून. पासष्टीनंतर गरज पडली की स्थानिक पालिकेकडे अर्ज करायचा. मग पालिकेचा माणूस घरी येतो आणि ७४ मुद्द्यांवर पाहणी करतो: कूस बदलता येते का, एका पायावर उभे राहता येते का, औषधे आठवणीने घेता येतात का. त्याला डॉक्टरांच्या अभिप्रायाची जोड देऊन तज्ज्ञांची समिती सातांपैकी एक पातळी ठरवते. त्या पातळीनुसार दरमहा किती सेवा मिळेल हे ठरते. बहुतेकांना त्या सेवेच्या दहा टक्के रक्कम भरावी लागते, जास्त उत्पन्न असणाऱ्यांना वीस किंवा तीस टक्के.

सेवा म्हणजे काय, तर मदतनीस घरी येऊन अंघोळ घालतो, जेवण भरवतो. परिचारिका येते. सकाळी गाडी येऊन आजोबांना दिवसभराच्या केंद्रात घेऊन जाते. तिथे व्यायाम, अंघोळ आणि गप्पा होतात. घरच्यांना गावाला जायचे असेल तर काही दिवस वृद्धाला केंद्रात ठेवता येते. घरात आधाराचे कठडे बसवायला पैसे मिळतात.

या सगळ्यात मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग वेगळाच आहे. पातळी ठरवताना घरात बघणारी सून किंवा मुलगी आहे का, याचा हिशोब धरला जात नाही. गरज वृद्धाची मोजायची, घरातल्या बाईची उपलब्धता मोजायची नाही. कायदा होत असताना एक मोठा वादही झाला: घरच्यांना रोख रक्कम द्यावी का? अनेक महिला संघटनांनी विरोध केला. पैसे दिले की ते घर ठेवून घेईल आणि काम सुनेच्याच अंगावर राहील, आता तर पगारी म्हणून हक्काने, असा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य झाला. जपानमध्ये रोख मिळत नाही, सेवाच मिळते. आपल्याकडच्या किती घरांत हा मुद्दा तंतोतंत लागू पडतो, ते तुम्हाला सांगायला नको.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. पासष्टीपुढच्यांचा सरासरी मासिक हप्ता २००० मधल्या सुमारे २,९०० येनवरून आता ६,००० येनच्या पुढे गेला आहे. मदतनिसांचा तुटवडा इतका आहे की बाहेरच्या देशांतून, भारतातूनही, माणसे बोलावली जात आहेत. आईवडिलांना बघण्यासाठी नोकरी सोडणारे आजही दरवर्षी एक लाखाच्या आसपास आहेत. तरीही रुग्णालय आणि घर यांच्या मधला रस्ता त्यांनी बांधला, हे खरे.

इतरांचे मार्ग

जर्मनीने असाच विमा १९९५ मध्ये सुरू केला, पण रोख किंवा सेवा यांतली निवड कुटुंबावर सोडली. रोख रक्कम सेवेच्या मूल्यापेक्षा कमी ठेवली, तरी पुष्कळ कुटुंबांनी रोखच घेतली. घरी शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाच्या नावे, अटी पूर्ण होत असतील तर, निवृत्तिवेतनाचे हप्तेही भरले जातात. म्हणजे आईला बघण्यात गेलेली वर्षे त्या मुलीच्या म्हातारपणातून वजा होत नाहीत. शारीरिक अपंगत्वावर भर असल्याने स्मृतिभ्रंशाचे रुग्ण सुरुवातीला मागे पडत. २०१७ मध्ये पाच श्रेणींची नवी पद्धत आणून तो दोष बऱ्याच अंशी दूर केला.

सिंगापूरच्या २०२० पासूनच्या विमा योजनेत निकष अगदी घरगुती आहे. अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, शौचाला जाणे, घरात चालणे आणि अंथरुणातून खुर्चीत बसणे, या सहांपैकी तीन गोष्टी दुसऱ्याच्या मदतीशिवाय करता येत नसतील तर दरमहा रक्कम सुरू होते.

हे सगळे श्रीमंत देशांनाच जमते असे वाटत असेल तर केरळकडे पाहा. तिथे २००८ मध्ये वेदनाशामक आणि परिहारक शुश्रूषेचे राज्य धोरण आले. आता स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत परिचारिका घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुतात, लघवीची नळी बदलतात, घरच्यांना शिकवतात. सोबतीला गावातले स्वयंसेवक असतात. पैसा लागतोच, पण सुरुवात शेजाऱ्यांपासून झाली होती.

भारतात आज काय मिळते?

आपले राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरण १९९९ मध्ये आले. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे. त्यात जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळा विभाग आणि खाटा, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा खास तपासणी अपेक्षित आहे. तुमच्या केंद्रात तो वार कोणता, हे जाऊन विचारा. विचारणारे लोक असले की असे वार टिकतात.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत 'वय वंदना' कार्ड मिळते. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यातून होतात. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. आधार कार्डावरच्या वयावरून नोंदणी होते. नसेल केली तर आजच करा. पण हे कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी येणारी आया, डायपर, हवेची गादी, रोजची फिजिओथेरपी यांचा खर्च त्यात बसत नाही. म्हणजे जपानने १९७३ मध्ये उचलले त्यासारखे पाऊल आपण आता उचलले आहे. २००० मधले अजून बाकी आहे.

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. मुले सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. काळजी घेण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट पाळली नाही तर परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. हा कायदा पैसे मिळवून देऊ शकतो. रात्री दोनला उठून पाणी देणारा माणूस तो देऊ शकत नाही.

मधली सोय घरापुरती कशी करावी?

सरकारी व्यवस्था होईल तेव्हा होईल. तोपर्यंत या देशांच्या पद्धतीतले काही भाग घरी वापरता येतात.

पहिले, पातळी ठरवा. वर दिलेल्या सहा कामांपैकी कोणती कामे स्वतः होतात, कोणत्याला आधार लागतो, कोणते अजिबात होत नाही, हे कागदावर लिहा. दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. हा कागद तपासणीला येताना आणा. 'आईची तब्येत जरा उतरली आहे' यापेक्षा 'महिन्याभरात अंघोळीला आधार लागू लागला' हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते.

दुसरे, खर्च वाटून घेण्याआधी तास वाटून घ्या. बहुतेक घरांत भावंडे पैशाची वाटणी करतात आणि तास एकाच व्यक्तीकडे राहतात. मुलगा अमेरिकेत असेल तर तिकडून पैसे येतात, हात येत नाहीत. आठवड्याचे तास लिहून काढा. ते कोणाच्या नावावर पडले आहेत हे दिसले की बोलणे सोपे जाते. शुश्रूषा करणाऱ्याला आठवड्यातून निदान अर्धा दिवस पूर्ण सुट्टी मिळायला हवी. तिची झोप, पाठदुखी आणि चिडचिड याही वैद्यकीय तक्रारी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतही रुग्णाबरोबर काळजीवाहकाची विचारपूस करायला सांगितले आहे. आम्ही डॉक्टर ते विसरलो तर तुम्ही आठवण करून द्या.

तिसरे, रुग्णालयातून घरी येण्याआधी शिकून घ्या. कूस कशी बदलायची, खाटेवरून खुर्चीत कसे बसवायचे, नळीतून आहार कसा द्यायचा, हे परिचारिकेकडून हाताने करून शिका. घरी येण्यापूर्वी कमोड, बाथरूममधला कठडा, न घसरणारी चटई आणि रात्रीचा दिवा यांची सोय करा. एकदा पडलेल्या माणसाला पुन्हा पडण्याचा धोका जास्त असतो. अचानक भ्रमिष्टासारखे बोलणे, दिवसरात्रीचा घोळ, एकाएकी चालणे बंद होणे, ही लक्षणे म्हातारपणाची समजून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अनेकदा मागे जंतुसंसर्ग, शरीरातील मिठाचे प्रमाण बिघडणे किंवा एखादे औषध असते.

आणि हे सगळे ठरवताना ज्यांच्याबद्दल ठरते आहे त्यांना समोर बसवा. १९९१ च्या तत्त्वांत, आपल्या काळजीबद्दल आणि आयुष्याबद्दल निर्णय घेण्याचा वृद्धांचा हक्क स्पष्ट नोंदवला आहे. आपल्याकडे मात्र आजोबांदेखत त्यांच्या मुलालाच विचारतात, "यांना काय होतंय?" मीही अनेकदा तसे केले आहे. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसालाही कुठे राहायचे आहे, कोणाच्या हातून अंघोळ करायला संकोच वाटतो, हे बऱ्याचदा सांगता येते.

माहिती हवी असेल, कोणी ज्येष्ठ एकटे पडले असतील किंवा घरात त्यांचा छळ होत असेल, तर केंद्र सरकारची एल्डरलाइन ही हेल्पलाइन १४५६७ या क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत मोफत उपलब्ध आहे.